गाविलगड की नरनाळा: हाती एकच दिवस असेल तर

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले की आमच्या अंजनगाव भागात हा प्रश्न हमखास निघतो. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढला की गाविलगड, आणि अकोटवरून शहानूरला गेले की नरनाळा. दोन्ही किल्ले सातपुड्यातले आणि दोन्ही पायी पाहण्यासारखे, पण एका दिवसात एकच नीट पाहून होतो. मी दोन्हीकडे अनेकदा गेलो आहे, त्यामुळे पुढचे मत अनुभवाचे आहे एवढेच म्हणेन.

गाविलगडाची भव्यता मान्य करावीच लागते. शार्दूल दरवाजावरचे गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, पाहून पाय थबकतात. शिवाय चिखलदऱ्याच्या पठारावरून जवळपास सपाटीने चालत जाता येत असल्यामुळे वयस्कर माणसांना दम लागत नाही. इंग्रजांनीही याच उत्तरेच्या बाजूला तोफा लावल्या होत्या, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेले, तरी गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले त्यांच्याकडेच ठेवले गेले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

माझी अडचण गवताची आहे. पावसाळा सरता सरता गाविलगडावर पुरुषभर उंचीचे गवत माजते, आणि दिवाळीपर्यंत ते वाळून कुसळांवर येते. एका वर्षी मी दहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. मोठ्या मशिदीकडे जाणारी पायवाट गवतात बुडालेली होती, त्यामुळे तासभर आम्ही अंदाजाने चाललो आणि दोनदा परत फिरलो. कुसळाचे टोक सुईसारखे असते. त्याच्या मागच्या लांब शेपटाला पीळ असतो, तो ओलाव्याने सुटतो आणि सुकताना पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी टोक आणखी आत सरकते. ते मोज्यातून पार होते, वर ओढले तर मोडते आणि टोक तिथेच राहते. परतीच्या वाटेवर मुलगी चालेना, तेव्हा एका चौथऱ्यावर बसून मी तिच्या घोट्याभोवतीची कुसळे एकेक करून उपटली. उरलेली घरी आल्यावर रात्री चिमट्याने काढावी लागली. त्या दिवशी तिने किल्ला पाहिला असे मला म्हणता येणार नाही, कारण दिवसभर तिचे डोळे स्वतःच्या पायांकडेच होते.

नरनाळ्यावर गवत नाही असे नाही, पण मुख्य वास्तूंकडे जाणाऱ्या वाटा मला बऱ्याच मोकळ्या आढळल्या. तिथली गैरसोय वेगळी आहे: किल्ला अभयारण्यात असल्यामुळे शहानूरच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि ठरलेल्या वेळेत खाली यावे लागते. उशिरा निघणाऱ्यांना हे जाचक वाटेल. मला मात्र त्यामुळे दिवसाला शिस्त लागते असे वाटते, आणि गर्दीही आवाक्यात राहते.

नरनाळ्याकडे माझा कल झुकण्याचे दुसरे कारण महाकाली दरवाजा. १४८६ च्या सुमारास, बहमनी काळात उभ्या राहिलेल्या या दरवाजाच्या दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आहेत, दगडात कोरलेली कमळे आहेत आणि वर शिलालेख आहे. सकाळची उन्हे तिरपी असताना ते कोरीवकाम इतके उठून दिसते की मुलीने पुढच्या खेपेला वही आणली आणि तासभर एकच कमळ काढत बसली. नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव त्यानंतर निवांत पाहता येतात.

घरात वयस्कर माणसे असतील, किंवा जाणे ऐन पावसाळ्यात ठरत असेल, तर गाविलगडाला माझी हरकत नाही. त्या दिवसांत गवत हिरवे आणि मऊ असते, फक्त धुक्याची तयारी ठेवावी. दिवाळी ते संक्रांत या काळात लहान मुलांना घेऊन निघणार असाल, तर मात्र मी नरनाळाच सुचवीन. नाक्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात, प्यायचे पाणी आणि शिदोरी खालूनच न्यावी, आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत असू द्यावा.