वापरलेला कपडा नव्याने रंगवायचा, तर कोणता रंग? पुडी, सोडा की मंजिष्ठा

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीची मुलगी एक पिशवी घेऊन आली आणि कॉटवर रिकामी केली. एक पुरुषी पांढरा शर्ट, कॉलरच्या आतून तेलकट पट्टा. एक विटलेली पिवळी सुती साडी, पण काठ धड. आणि एक मोरपंखी कुर्ता, दिसायला सुतीच. तिन्ही वापरलेले, थ्रिफ्टमधून स्वस्तात उचललेले. "मावशी, हे सगळं रंगवून माझ्या मापाचं करायचंय. रंग कोणता आणू तेवढं सांग."

तिच्या आजीला हे पटलं नाही. आपल्याकडे जुन्या कापडाचं वावडं कधीच नव्हतं. बाळाचं पहिलं झबलं मऊ झालेल्या जुन्या धोतराचं, दुपटं आजीच्या लुगड्याचं, गोधडी सगळ्या घराची. पण ते कापड घरातलं. परक्याचा कपडा बोहारणीकडे जायचा, तिच्याकडून आपल्या घरी यायचा नाही. मला मात्र मुलीचं बरोबर वाटतं. चांगलं सुती कापड जितकं धुवावं तितकं मऊ होतं आणि तो मऊपणा नव्या कपड्यात विकत मिळत नाही. फक्त रंगाची निवड तिने शेवटी करायला हवी होती आणि ती सुरुवातच तिथून करत होती.

आधी काडेपेटी

प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि गार झाल्यावर टणक काळा मणी उरतो. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो.

मोरपंखी कुर्त्याचा मणी झाला. पॉलिएस्टरला वेगळ्याच जातीचा रंग लागतो. कारखान्यात तो बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे १३० अंशांवर चढवतात. घरातलं पाणी १०० अंशांवर उकळतं, त्यामुळे घरी हा नाद सोडावा. टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिएस्टरचं मिश्रण असेल तर त्यातलं सूत रंग घेतं, पॉलिएस्टर घेत नाही, आणि मिळते ती भुरकट छटा. कुर्ता नुसताच मापाचा करायचा ठरला. आता प्रश्न शर्टाचा आणि साडीचा.

पुडीचा रंग

जनरल स्टोअरमध्ये मिळते ती छोटी पुडी. पाणी उकळायचं, रंग आणि मीठ घालायचं, कपडा तासभर ढवळायचा. हे बहुतेक डायरेक्ट जातीचे रंग. त्यांतला पहिला, काँगो रेड, १८८४ साली जर्मनीत निघाला आणि त्याचं मोठं अप्रूप झालं, कारण तोवर सुताला रंग धरवण्यासाठी आधी तुरटीसारखं रंगबंधक चढवावं लागे. या रंगाला त्याची गरज नव्हती. सोय आजही तीच आहे. संध्याकाळी ठरवलं तर रात्री कपडा दोरीवर असतो.

पण हा रंग धाग्याला नुसता चिकटून बसतो, त्याच्याशी पक्का बांधला जात नाही. म्हणून दर धुण्यात थोडा थोडा उतरतो आणि बरोबरच्या बनियनला गुलाबी करून सोडतो. त्यावर घरोघरी सांगितला जाणारा उपाय म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवणं. मीठ रंग चढवताना मदत करतं, चढलेला रंग पक्का करत नाही. व्हिनेगरचंही तसंच आहे. ते रेशीम-लोकरीच्या रंगांसाठी उपयोगी, सुतासाठी नाही. रंगाच्या दुकानात फिक्सर मिळतो, त्याने थोडा फरक पडतो.

मी पुडी एकाच कामासाठी सुचवते: विटलेली काळी पँट किंवा काळी ओढणी पुन्हा काळी करायची असेल तर. नाहीतरी ती गडद कपड्यांबरोबरच धुतली जाते.

सोड्याचा रंग

याला दुकानात रिॲक्टिव्ह किंवा प्रोसियन म्हणून मागतात. इंग्लंडमध्ये रॅटी आणि स्टीफन या दोघांनी १९५४ साली याची क्रिया शोधली आणि १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने प्रोसियन नावाने हे रंग बाजारात आणले. पाण्यात सोडा घातला की रंगाचा रेणू सुताच्या रेणूशी रासायनिक बंध जोडतो. म्हणजे रंग कापडावर बसत नाही, कापडाचा भाग होतो. आणि हे सगळं कोमट पाण्यात होतं.

आमच्या साडीचं वजन ४५० ग्रॅम भरलं. मध्यम गडद छटेला कापडाच्या वजनाच्या ३ टक्के रंग पुरतो, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास. पाणी ९ लिटर, मीठ साधारण ४५० ग्रॅम, धुण्याचा सोडा १५० ग्रॅम. खाण्याचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य पडतो. आधी रंग आणि मिठाच्या पाण्यात कापड अर्धा तास ढवळायचं. मग सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड एका बाजूला सारून ओतायचा आणि पुढे तासभर हलवत राहायचं. हलवण्यात कुचराई केली की डाग पडतात, म्हणून दुपार मोकळी ठेवा.

खरा घाम नंतर निघतो. रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि धाग्यांत नुसता अडकून राहतो. तो आधी गार पाण्याने, मग कडकडीत गरम साबणपाण्याने, पाणी नितळ निघेपर्यंत काढावा लागतो. बहुतेक लोक इथे कंटाळतात आणि नंतर म्हणतात की रंग कच्चा होता. रंग कच्चा नसतो, धुणं अर्धवट असतं.

दोन गोष्टी बजावून सांगते. ही भुकटी हवेत उडते आणि श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो, म्हणून भिजेपर्यंत मास्क लावा, पंखा बंद ठेवा. आणि हा सोडा रेशीम-लोकरीला घालू नका, धागा खराब होतो.

हिरडा, तुरटी, मंजिष्ठा

झाडापाल्यापासूनच्या रंगाचा हा रस्ता मला सगळ्यांत प्रिय आहे. यात हिरडा आणि तुरटी रंग बांधतात, मंजिष्ठेची मुळं रंग देतात. म्हणूनच त्याबद्दल जपून बोलते, कारण भारावून जाऊन लोक चुकीच्या कपड्यावर तो वापरतात.

त्याच साडीला वजनाच्या २० टक्के, म्हणजे ९० ग्रॅम हिरड्याची पूड लागेल. रात्रभर भिजवायची, मग न खळबळता उन्हात वाळवायची. कापडावर फिकट पिवळी झाक येते. दुसऱ्या दिवशी ७० ग्रॅम तुरटी, पुन्हा वाळवण. तिसऱ्या दिवशी मंजिष्ठा, आणि ती लागते कापडाच्या वजनाच्या निम्मी, सव्वादोनशे ग्रॅम. सोड्याच्या रंगाचे १४ ग्रॅम आठवा, म्हणजे खर्चाचा आणि भांड्याच्या आकाराचा अंदाज येईल. हिरडा दिलेल्या कापडाला तुरटीऐवजी चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, दिलं तर डोळ्यांसमोर करडा-काळा रंग उगवतो. हिराकस जास्त झालं की सूत कुजतं, आणि आधीच झिजलेल्या जुन्या कापडाला तर ते मुळीच सोसत नाही.

मंजिष्ठेची विटकरी लाली, काताचा तपकिरी, डाळिंबाच्या सालीचा पिवळा हे नीट बांधले तर वर्षानुवर्षं सोबत करतात. हळद आणि बीट यांच्या नादी लागू नका. हळदीचा डाग आपण उन्हात टाकून घालवतो, मग त्याच हळदीचा रंग उन्हात टिकेल कसा? साबण लागला की ती लालही होते. बिटाचा रंग तर दोन धुण्यांत जातो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि क्रोम (क्रोमियमचा क्षार) ही रंगबंधकंच आहेत, आणि दोन्ही विषारी. घरात फक्त तुरटी आणि बेताने हिराकस, एवढंच ठेवा. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत छटा काळवंडते. आणि तिन्ही रंगांपैकी कुठल्याही रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

ज्या घरात सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये कडक पावडरीने धुतले जातात, तिथे हे काम वाया जातं. जो आपला कपडा वेगळा, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवेल, त्यानेच हे करावं. मी मुलीला विचारलं, "हॉस्टेलवर कपडे कोण धुतं?" ती म्हणाली, "मशीन. सगळ्यांचे एकदम." साडीचा निर्णय तिथेच झाला: सोड्याचा रंग.

खालचा रंग विसरू नका

पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा मिळतो, निळा नाही. लालवर निळा घातला तर जांभळट तपकिरी. छापील नक्षी झाकली जात नाही, गडद होऊन खालून दिसतेच, आणि कधीकधी तीच सुंदर दिसते. हायड्रो नावाची रंग उडवणारी भुकटी घालून जुना रंग काढता येतो, पण विरलेल्या कापडावर मी ते करत नाही. रिंकल-फ्री लिहिलेल्या शर्टाला कारखान्यात लेप दिलेला असतो, तो रंग नीट घेत नाही. कॉलरवरचा तेलकट पट्टा भांड्यांच्या साबणाने घासून, मग सोडा-साबणाच्या पाण्यात उकळून काढल्याशिवाय रंगात बुडवायचा नाही, नाहीतर तो पट्टा जन्मभर दिसतो.

आधी रंग की आधी कात्री?

आईच्या एका साडीचा कुर्ता मी आधी शिवला आणि मग पुडीच्या उकळत्या रंगात टाकला. लांबी दोन इंच आटली, मुंढे आवळले आणि तो कुर्ता कुणालाच आला नाही. ते मला अजून लागतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: उसवणं, धुणं, रंगवणं, मग कापणं. उरलेल्या तुकड्यांतून त्याच छटेच्या गळपट्ट्या आणि पायपिंग निघतं, हा वरचा फायदा.

शिवलेला कपडा तसाच रंगवण्यात श्रम वाचतात, पण तयार कपड्यांचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो रंग घेत नाही. पांढऱ्या शर्टाला गर्द निळा दिला की प्रत्येक टीप आणि प्रत्येक काज पांढरं उठून दिसतं. काहींना ते आवडतं, मला नाही. शर्ट न उसवता रंगवायचा असेल तर फिकट छटा घ्या, दोरा त्यात मिसळून जातो.

स्वतः की शिंप्याकडे

शिंपी जुन्या कपड्याला नाखूश असतात आणि त्यांचं चुकत नाही. उसवण्यातच निम्मा वेळ जातो, माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) किती मिळेल ते आधी कळत नाही, आणि कापड दगा देऊ शकतं. म्हणून मधला मार्ग धरा. ब्लेडने सावकाश स्वतः उसवा, तुकडे रंगवून इस्त्री करा, आपल्या अंगात बसणारा एक कुर्ता मापाला जोडा आणि मग शिंप्याकडे न्या. त्याच्या दृष्टीने ते नव्या कापडाचं काम होतं.

बाह्या आखूड करणं, बगलेतून आत घेणं, तुरपाई करणं हे मात्र घरीच जमतं. सुईचा नंबर बघा: साध्या सुती कापडाला १४, जीन्सला १६, झिरझिरीत कापडाला ११. जुन्या कापडात बोथट सुई भोकं पाडते, म्हणून नवी लावा. सैल कपडा घट्ट करता येतो, घट्ट कपडा मायेपलीकडे सैल होत नाही. विकत घेताना मोठाच घ्या.

साडी कापण्याआधी खिडकीत धरून उजेडात पाहिली. पदराला खांद्याजवळ पिनांची भोकं होती, घोळाजवळ कापड विरलं होतं, कमरेत खोचायचं टोक मात्र ठणठणीत. साडेपाच मीटरमधून विरलेलं वगळून एक कुर्ता आणि एक ओढणी बसली, काठ बाह्यांना आले. पिवळ्यावर निळा चढून रंग आला कैरीच्या सालीसारखा. शर्टाला तिने फिकट मंजिष्ठा निवडली. हॉस्टेलचं मशीन आहे हे माहीत असूनही निवडली, शर्ट वेगळा हाताने धुईन असं कबूल करून.

तुम्ही काहीही निवडलंत तरी आतल्या शिवणीतून बोटभर कापड कापून तेच आधी रंगवा. वाळवा, पांढऱ्या रुमालात गुंडाळून साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. रुमाल पांढरा राहिला, तर पूर्ण कपडा भिजत घाला.