वाचनालयातलं चिठ्ठ्यांचं टेबल : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मी आमच्या गावातल्या वाचनालयाची सभासद झाले. गाव तालुक्याचं, जळगाव जिल्ह्यातलं. अनामत २०० रुपये, महिन्याची वर्गणी ४०. मी कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहिते. दिवसभर खताच्या गोण्या आणि उधारीच्या नोंदी. लग्नानंतर वाचन सुटलं ते सुटलंच होतं. ते पुन्हा लागलं देवघेवीच्या खिडकीशेजारच्या एका टेबलामुळे.

टेबलावर पंधरा-वीस पुस्तकं उभी करून ठेवलेली असतात आणि प्रत्येकात एक चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे जुनं तालिका कार्ड, खालच्या बाजूला भोक असलेलं. पुस्तकांची यादी संगणकावर गेली तेव्हा ही कार्डं रद्दीत निघाली होती. आता त्यांच्या कोऱ्या पाठीवर ग्रंथपाल मॅडम, लिपिक भाऊ आणि शिपाई आप्पा स्वतःला आवडलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहितात आणि खाली आपलं नाव घालतात. ‘अवश्य वाचा’, ‘अप्रतिम’ असलं काही नसतं. कुठे कंटाळा आला, कुठे रडू आलं, कोणाला देऊ नये, हेसुद्धा लिहितात.

मी पहिल्यांदा उचललं ते आप्पांच्या चिठ्ठीचं, बहिणाबाईंच्या गाण्यांचं. चिठ्ठीवर एवढंच : ‘मोठ्यानं वाचा. मनात वाचाल तर निम्मंच हाती लागेल.’ शाळेत पाठ केलेल्या कविता, आता त्यात नवीन काय, असं वाटलं होतं. मे महिना, रात्री लाइट गेलेली, आम्ही ओट्यावर बसलेलो. मोबाइलच्या उजेडात वाचायला लागले आणि ‘येहेर’ (विहीर) शब्दाशी अडखळले. सासूबाई अंधारातून म्हणाल्या, “येहेर म्हंजे येहेर, त्यात काय थांबाचं?” त्यांचं माहेर असोद्याकडचं, बहिणाबाईंच्याच गावाजवळचं. मग त्यांच्या वडलांची मोट निघाली, नाडा निघाला, बैल धावेवरून मागे यायचे तेव्हाचा चाकाचा आवाज निघाला. पुस्तक राहिलं बाजूला. सासूबाईंना अक्षरओळख नाही. बहिणाबाईंनाही नव्हती, मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तकात आली. हे पुस्तक मी तीनदा मुदत वाढवून घेतलं. चुकीच्या जागी हेल काढला की सासूबाई अजून टोकतात.

लिपिक भाऊंची चिठ्ठी ‘कोसला’वर होती. लेखक भालचंद्र नेमाडे सांगवीचे, आपल्या यावल तालुक्यातले, कादंबरी १९६३ची. भाऊंनी लिहिलं होतं, ‘पुण्याला शिकायला गेला असाल तर आजच न्या.’ मी कुठे गेले पुण्याला? तरी नेलं, साठेक पानांवर अडकले आणि परत करायला गेले. भाऊंनी पुस्तक घेतलंच नाही. म्हणाले, “ताई, नायकाची धाकटी बहीण वारते तो भाग आधी वाचा, मग मागे या.” मी तसंच केलं. त्या रात्री झोप लागली नाही. नंतर पहिल्या पानापासून सगळं वाचलं. माझ्या मते या टेबलाचं खरं मोल इथं आहे : शिफारस करणारा माणूस खिडकीमागे बसलेला असतो, अडलं तर विचारता येतं, पटलं नाही तर भांडता येतं.

मॅडमची पद्धत निराळी. त्या पुस्तकाला चिकटवलेलं तारीखपत्रक बघतात. शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर ते पुस्तक घरी नेऊन वाचतात आणि आवडलं तरच टेबलावर आणतात. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांचे १९३१चे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त सांगितले; त्यातला एक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. सिद्धान्त त्यांनी परीक्षेसाठी पाठ केला असेल, पण त्या तो खरोखर पाळतात. अशा एका प्रवासवर्णनावर १४ वर्षांनंतरचा पहिला शिक्का माझ्या नावचा पडला, याचा मला फार आनंद आहे.

तक्रारीही आहेत. दिवाळीत एक कादंबरी नेली. चिठ्ठीत शेवटाचं भरभरून कौतुक, आणि प्रतीची शेवटची आठ पानंच गायब. चिठ्ठी जुन्या आठवणीवर लिहिलेली होती, हातातली प्रत कोणी उलटून पाहिली नव्हती. मला खरंच राग आला, तो मी बोलूनही दाखवला. तेव्हापासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘प्रत पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. दुसरं, चिठ्ठी लागली की सगळे त्याच पुस्तकामागे, आणि प्रत एकच. एकदा मी सात आठवडे थांबले. तिसरं, टेबलावर कथा-कादंबरी-कवितेचाच भरणा. केळीवर, आजारपणावर, मुलांच्या अभ्यासावरची पुस्तकं आत कपाटात आहेत, पण त्यांना चिठ्ठी नाही. आमच्या दुकानात येणारा शेतकरी या टेबलापाशी थांबणार कसा? हे मॅडमना सांगितलंय, अजून झालेलं नाही.

नवीन सभासदांनी एक करा. चिठ्ठीखालचं नाव बघा आणि ते माणूस खिडकीवर असेल त्या वेळी पुस्तक न्या. आप्पा सकाळी आठ ते अकरा असतात, भाऊ संध्याकाळी. मॅडम दोन्ही वेळा, पण महिनाअखेरीला हिशेबात असतात, तेव्हा त्यांना गप्पांत अडकवू नका.