रोटा लावला म्हणून १ लाख ४५ हजार घेतले, अण्णांना आवाजच आला नव्हता

आधीच सांगतो, अण्णा ठणठणीत आहेत, सकाळी भाजी आणायला स्वतः जातात, त्यामुळे डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद शीर फुगा घालून उघडणं, चांगली केली हे मी नाकारत नाहीये. माझं दुखणं वेगळं आहे. रोटा, म्हणजे शिरेतलं कॅल्शियम घासून काढायची वस्तू, वापरलीच नाही आणि तिचे १ लाख ४५ हजार माझ्याकडून काढले आणि मी ते स्वतःच्या हाताने दिले, वर थँक्यू सर पण म्हणालो.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१, बेस्टच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं मेकॅनिक होते. आम्ही भांडुपला राहतो. गणपतीच्या साधारण तीन आठवडे आधी जिना चढताना त्यांच्या छातीत भरून यायला लागलं, डावा हात जड, आई म्हणाली गॅस आहे, मग ओवा झाला, सोडा झाला, शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी बघून तोंड बारीक केलं आणि अँजिओग्राफी, म्हणजे शिरांत रंग सोडून ब्लॉक बघायची तपासणी, करून घ्या म्हणाले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. प्रायव्हेट आहे, लॉबीत कॉफी मशीन आहे, एवढं पुरे. माझ्या ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम होता ३ लाखाचा, कॅशलेस, त्यामुळे मी निवांत.

माझा हिशोब असा होता की अँजिओ म्हणजे अर्धा-पाऊण तास, मग सीडी घेऊन बाहेर यायचं, दोन ठिकाणी दाखवायचं आणि मग ठरवायचं. पण पाऊण तासाने मलाच आत बोलावलं, काचेपलीकडे अण्णा टेबलावर, स्क्रीनवर त्यांच्या शिरा, आणि एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाला एलएडी, म्हणजे हृदयाची पुढची मोठी शीर, ९० टक्के बंद आहे, मनगटातून नळी आत आहेच, आत्ताच करून टाकू, परत टोचायला नको. आता यात चूक काही नाही, बऱ्याच ठिकाणी असंच करतात. सही केली. हात थरथरत होता, सही बँकेतल्या सहीशी जुळली नसती.

बाहेर येऊन बसलो तर दहा मिनिटांत एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड पण उलटं फिरलेलं, पायात ते निळे प्लास्टिकचे मोजे, हातात काळी बॅग. कॅथलॅबच्या, म्हणजे अण्णा जिथे होते त्या खोलीच्या, दारातूनच बाहेर आला म्हणून मी त्याला डॉक्टर समजलो. तो म्हणाला, "काकांचा ब्लॉक दगडासारखा आहे, सगळं कॅल्शियम. नुसता फुगा फुगणारच नाही, रोटा लावावा लागेल." मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, शिरेत काहीतरी गरगर फिरतंय आणि पांढरा थर उडतोय. बॅगेतून एक सीलबंद बॉक्स काढून दाखवला आणि परत आत ठेवला. १ लाख ४५ हजार. हे इन्शुरन्समध्ये बसत नाही, हॉस्पिटलच्या बिलात पण येत नाही, कंपनीला डायरेक्ट द्यायचे, आणि लवकर सांगा कारण काका टेबलवर आहेत.

काका टेबलवर आहेत. या तीन शब्दांपुढे माणसाचं डोकं बंद होतं हो. तुम्ही म्हणाल मी विचारायला हवं होतं, डॉक्टरांना बाहेर बोलवायला हवं होतं, दहा पावलांवर टीपीए डेस्क, म्हणजे मेडिक्लेमचं काम बघणारं टेबल, होतं तिथे जायला हवं होतं. सगळं मान्य. पण त्या खुर्चीत बसल्यावर सुचत नाही. माझ्या यूपीआयची लिमिट दिवसाला १ लाख, ते पाठवले, समोर नाव आलं कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. उरलेले ४५ हजार मेव्हण्याने घराच्या रंगकामासाठी काढून ठेवले होते ते तो मुलुंडवरून रिक्षाने घेऊन आला, कॅश. पावती संध्याकाळी काउंटरला मिळेल असं तो बॅगवाला म्हणाला. ती संध्याकाळ अजून यायची आहे.

रोटा म्हणजे रोटाब्लेटर, आणि ही वस्तू खोटी नाहीये, हे नीट लक्षात घ्या नाहीतर उद्या कोणालातरी खरंच गरज असेल आणि तुम्ही माझं ऐकून नाही म्हणाल. कॅथेटर म्हणजे बारीक लवचिक नळी, तिच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा गोळा, त्यावर हिऱ्याची पूड बसवलेली, आणि तो मिनिटाला १ लाख ४० हजार ते १ लाख ८० हजार फेरे घेतो. कॅल्शियम घासून त्याचा इतका बारीक भुगा करतो की तो रक्ताबरोबर निघून जातो. शीर खरंच कडक झाली असेल तर बऱ्याचदा असं काही केल्याशिवाय स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळी, पूर्ण उघडत नाही. फसवणूक चालते ती अशाच खऱ्या वस्तूच्या नावावर, भोंदू औषधाला मी पण फसलो नसतो.

तर गणपतीला मावसभाऊ आणि वहिनी दर्शनाला आले. वहिनी महापालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये कॅथलॅब टेक्निशियन आहेत. मी मोदक खाता खाता थोडं फुशारकीनेच सांगितलं की अण्णांना रोटा केला, इंपोर्टेड. वहिनींनी अण्णांना सहज विचारलं, "आवाजाला घाबरलात का हो अण्णा? दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलसारखा येतो ना."

अण्णा म्हणाले, "कसला आवाज?"

"अहो, ते हवेच्या प्रेशरवर फिरतं, चांगला मोठा आवाज असतो."

"मी जागा होतो की सगळा वेळ. रंग सोडला की छातीत गरम वाटायचं, आणि आतले दोघं कोणाच्यातरी मुलाच्या अ‍ॅडमिशनचं बोलत होते. एअर गनवर ३४ वर्षं नट काढलेत मी, हवेवर चालणारं मशीन मला कळणार नाही होय?"

घरात एकदम शांतता, नुसत्या आरतीच्या झांजा वाजत होत्या शेजारच्यांकडे. इतके दिवस मी सगळ्यांना विचारलं, फक्त जो माणूस टेबलावर जागा पडला होता त्याला नाही विचारलं. अँजिओप्लास्टीत भूल फक्त हातापुरती असते, पेशंट सगळं ऐकत असतो!

मग सीडी बघायची तर घरात कोणाच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, हा आणखी एक विनोद, शेवटी तळमजल्यावरच्या जोशीकाकांचा जुना कॉम्प्युटर उघडला. वहिनींनी दोन-तीनदा पाहिलं. रोटा असेल तर वायरवर तो गोळा काळा ठिपका दिसतो, तो कुठेच नव्हता. पण त्या म्हणाल्या, "भाऊजी, लगेच भांडायला जाऊ नका, प्रत्येक शॉट रेकॉर्ड होतोच असं नाही. केसपेपर मागा, कॅथलॅबची नोट आणि वापरलेल्या वस्तूंचे स्टिकर्स." लेखी अर्ज दिला की रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं असा डॉक्टरांना नियम आहे. मला ९ दिवस लागले आणि तीन हाफ डे गेले. अर्जाच्या कॉपीवर तारखेसकट पोच घेतली होती म्हणून निदान मिळालं तरी.

नोट दीड पानाची. माइल्ड कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियम थोडंसंच. माइल्ड! २.५ चा फुगा, १४ अ‍ॅटमॉस्फिअरला नीट फुगला, मग ३ बाय २८ चा स्टेंट, संपलं. खाली स्टिकर्स चिकटवलेले, स्टेंटचं, दोन फुग्यांचं, गाइड कॅथेटरचं, वायरचं, प्रत्येकावर लॉट नंबर आणि एक्सपायरी. रोटाचं स्टिकर नाही, रोटाची वेगळी बारीक वायर लागते तिचंही नाही.

त्या रात्री झोप नव्हती म्हणून वाचत बसलो. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने माणसाच्या हृदयाच्या शिरेत पहिल्यांदा फुगा फुगवून ब्लॉक उघडला, आणि असे फुगे तो आधी स्वतःच्या घरी, किचनमधल्या टेबलावर बनवून बघायचा. पेशंट कोण, तर ३८ वर्षांचा इन्शुरन्स विकणारा माणूस. अण्णांचं काम पण त्याच साध्या फुग्याने झालं होतं आणि मी हिऱ्याचे पैसे भरून आलो होतो.

वहिनींनी मग मागचं गणित सांगितलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कॅप लावली, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६० रुपये, त्याआधी लेपवाल्याचे लाख-दीड लाख सहज लावायचे. पुढे आकडे बदलत गेले पण कॅप राहिली. स्टेंटची किंमत, ब्रँड, बॅच नंबर बिलात वेगळा दाखवायचा असंही त्याच वेळी ठरलं. पण कॅप लागली ती स्टेंटला. फुगे, वायरी, गाइड कॅथेटर, रोटा, गुठळी ओढून काढायच्या सक्शनच्या नळ्या, यांना तसा सरकारने ठरवलेला आकडा नाही. ज्याला हात मारायचा आहे तो आता या बाजूने येतो. हे माझं मत आहे, सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही.

हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिनने सांगितलं तो माणूस आमचा नाही. मग तो निळे मोजे घालून आत-बाहेर कसा करत होता? तर कंपन्यांचे लोक मशीन दाखवायला लॅबमध्ये येतात, आम्ही कोणाकोणाकडे बघणार. हे अर्धं खरं आहे, असे लोक खरंच आत उभे असतात. डॉक्टर भेटले, मी रोटा मागवलाच नव्हता म्हणाले. चेहऱ्यावरून खरं बोलत असावेत असं मला वाटलं, बायकोला नाही वाटलं.

तुमच्यावर वेळ आली तर एवढं तरी करा, आपल्यातला एक माणूस असा बाहेर बसवा जो रडत नाहीये, शेजारी चालेल, ऑफिसमधला चालेल. जो पैसे मागतोय त्याचं आयकार्ड सरळ करून वाचा आणि फोटो काढा, बॉक्सचा पण फोटो काढा, त्यावर एमआरपी असते. हॉस्पिटलच्या बिलात न येणारी वस्तू असं कोणी म्हणालं की तिथेच उठून बिलिंगला जा. खरंच इन्शुरन्समध्ये बसत नाही का हे टीपीएला विचारा, मी नंतर विचारलं तर त्यांनी सांगितलं डॉक्टरांचं लेटर असतं तर आम्ही विचार केला असता. आणि हार्ट अ‍ॅटॅक चालू नसेल, पेशंट स्थिर असेल, तर आज फक्त अँजिओग्राफी करा, बाकीचं उद्या ठरवू असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे, आधीच फॉर्मवर तसं लिहून द्या. केईएम, सायन, नायर, जेजे इथेही कॅथलॅब आहेत, रांग आहे पण आहेत.

मी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर यूपीआयची तक्रार नोंदवली, १९१५ ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि बीकेसीला एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, ऑफिसात नोटची आणि स्टिकर्सची झेरॉक्स देऊन आलो. पोलिसांनी दोनदा उद्या या म्हटलं. पण त्या एंटरप्रायझेसवाल्याला कुठूनतरी फोन गेला असणार, कारण साडेतीन महिन्यांनी एका मंगळवारी माझ्या खात्यात १ लाख जमा झाले, ना फोन, ना मेसेज, रिमार्कमध्ये नुसतं रिफंड.

मीच त्याला फोन लावला, म्हटलं बाकीचे ४५ हजार कॅश दिले होते त्याचं काय.

तो म्हणाला, "कुठली कॅश, सर?"