अ‍ॅक्युप्रेशर आठ महिने करून बघितलं, काय लागू पडलं आणि काय नाही

आधीच सांगतो, माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान आखडायची आणि संध्याकाळी कोणीतरी कपाळाला पट्टा आवळल्यासारखं डोकं धरायचं, आठवड्याला तीन-चार पेनकिलर व्हायला लागल्या तेव्हा बायको म्हणाली करून तर बघ, तुझं काय जातंय.

सुरुवात हाताच्या पॉइंटने केली, एलआय-४ (अ‍ॅक्युप्रेशरमध्ये प्रत्येक दाबायच्या जागेला असं नाव-नंबर असतं). अंगठा तर्जनीला चिकटवला की बेचक्यात जो मांसल उंचवटा येतो ना, त्याच्या टोकावर, तर्जनीच्या हाडाकडे दाब द्यायचा. बरोबर जागा सापडली की एक बोथट कळ येते, ती आली नाही तर आपण नुसती कातडी दाबतोय असं समजायचं. दुसरा मानेच्या मागे, कवटी संपते तिथे दोन्ही बाजूला खळगे असतात, तिथे अंगठे रोवून डोकं हळूच मागे सोडायचं. दोन-तीन मिनिटांत मान सैल पडते, डोकं पूर्ण थांबत नाही पण ठणका उतरतो.

आता खरी गंमत. एकदा शंका आली म्हणून मुद्दाम आठवडाभर हाताची भलतीच जागा दाबली. तरी बऱ्यापैकी बरं वाटलं! म्हणजे गुण पॉइंटचा का स्क्रीनवरून नजर काढून पाच मिनिटं गप्प बसल्याचा, देव जाणे. शिवाय पेनकिलर फार झाल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं, त्यामुळे गोळ्या कमी झाल्या त्याचाही फायदा असणार. तरी मी करतोच, कारण आता महिन्याला एखादीच गोळी लागते.

मळमळीचं मात्र वेगळं निघालं. बायकोला गाडीत हमखास होते, तिच्यासाठी मनगटावरचा पीसी-६ शोधला, हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, मधल्या दोन दोऱ्यांसारख्या कडक शिरांच्या (स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्या नव्हेत) मध्ये. पहिल्या दोन ट्रिपला काहीच फरक नाही, मग लक्षात आलं की मी माझ्या जाड बोटांनी तिचं मनगट मोजत होतो! माप ज्याचं त्याच्या बोटांनीच घ्यायचं असतं. तिच्या बोटांनी मोजल्यावर पॉइंट चांगला अर्धा इंच सरकला आणि पुढच्या वळणावळणाच्या रस्त्यावर पिशवी काढायची वेळच आली नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी याच पॉइंटवर २०१५ चा कॉक्रेन रिव्ह्यू (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) आहे, ५९ ट्रायल एकत्र केलेल्या, त्यातही खोट्या उपचारापेक्षा फरक दिसलाय. तो गाडी लागण्यावर नाही, पण निदान हा पॉइंट हवेतला नाही एवढं कळतं.

गुडघ्याला शून्य. नडगीच्या बाहेरचा, वाटीच्या चार बोटं खाली असलेला एसटी-३६ दोन महिने नेमाने दाबला, दुखणं जिथल्या तिथे. शेवटी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी मांडीचे व्यायाम दिले, त्यानेच उतार पडला. उगाच दोन महिने घालवले याचा राग येतो, आधीच जायला हवं होतं.

एक मूर्खपणा पण सांगून टाकतो, जास्त दाबलं की जास्त गुण येईल म्हणून पेनच्या टोपणाने बेचकं रगडलं आणि चार दिवस हात काळानिळा घेऊन फिरलो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर असलं काही करूच नका. आणि घरात कोणी प्रेग्नंट असेल तर एलआय-४ आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा, चार बोटं वरचा पॉइंट परस्पर दाबू नका, ते दोन्ही गरोदरपणात टाळतात. अचानक असह्य डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात बधिर झाला तर पॉइंट शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

सध्या मानेचं रोज रात्री चालू आहे, हाताचं आठवलं तर. काटेरी लाकडी रोलर घेतला होता तो ड्रॉवरमध्ये पडलाय, अंगठा असताना त्याची गरजच लागली नाही.