बॉयलरला काय घालायचं: दगडी कोळसा, ब्रिकेट की गॅस?

नाशिकच्या अंबडला किंवा सातपूरला छोटा बॉयलर चालवणारा कुणी भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विषय निघतोच. कोळसाच चालू ठेवू, ब्रिकेटवर (भुसा, भुसकट दाबून केलेल्या ठोकळ्यांवर) जाऊ, की पाइपचा गॅस घेऊन मोकळा होऊ? माझं टोमॅटो पल्प आणि सॉसचं लहानसं युनिट आहे. बॉयलर ताशी एक टन वाफेचा, हाताने इंधन टाकायचा. तिन्हींपैकी दोन इंधनं मी स्वतः जाळली आहेत, तिसऱ्याचं कोटेशन मागवून गणित मांडून पाहिलं आहे. तेव्हा खालचं सगळं एवढ्याच आकाराच्या आणि हंगामात जोरात, एरवी निवांत चालणाऱ्या बॉयलरपुरतं समजा. दहा टनाचा, चोवीस तास धगधगणारा बॉयलर असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

भाव मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही वाचेपर्यंत ते शिळे झालेले असतील. त्याऐवजी एक लाख किलोकॅलरी वाफेत उतरवायला काय किती लागतं ते धरा. किलोला ४,००० किलोकॅलरीचा कोळसा आणि हाताने भरायच्या बॉयलरची ७० टक्के कार्यक्षमता धरली तर साधारण ३६ किलो. ३,८०० ची ब्रिकेट तेवढ्याच कार्यक्षमतेने ३८ किलो. गॅस घनमीटरला ८,५०० धरला आणि बॉयलर चांगला असला तर १३ ते १४ घनमीटर. आजचा पोच भाव लावा आणि गुणाकार करा. मी केला तेव्हा कोळसा आणि ब्रिकेट एकमेकांच्या इतके जवळ होते की एखादी ओली गाडी आली तरी निकाल फिरला असता. गॅस बराच वर होता.

विजेचं काय, असं हमखास विचारलं जातं. छतावर सोलर लाव ना, उन्हाला काय तोटा आहे नाशकात! खरं आहे, मोटारी, दिवे, कोल्ड रूम यांसाठी जरूर लावा. पण वाफेचा हिशेब क्रूर असतो. बॉयलरमध्ये काहीच वाया जात नाही असं मानलं तरी एक लाख किलोकॅलरीला ११६ युनिट लागतात. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे २९ किलोवॉटच्या पॅनेलची दिवसभराची कमाई माझा बॉयलर पूर्ण जोरावर असताना दहा-अकरा मिनिटांत गिळेल. सरकारी वीज घेऊन वाफ करायची म्हटलं तर कोळसा आपल्या अंगणातून फक्त एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात सरकतो. तिथले २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळातले, आणि देशातली निम्म्याहून खूप जास्त वीज आजही कोळशाचीच आहे. सूर्याचा वाफेला खरा उपयोग दुसरीकडे आहे. सोलर हीटरने बॉयलरचं पाणी आधीच तापवून घ्यायचं. पाण्याचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की इंधन साधारण १ टक्क्याने वाचतं. इंधन कुठलंही निवडा, हे करण्यासारखं आहे.

आता कोळसा. नाशकात खाण नाही, त्यामुळे देशी माल वणी, घुग्गुस, चंद्रपूरकडून येतो आणि आयात केलेला गुजरातच्या बंदरांवरून घाट चढून. ग्रेडचं कोष्टक तुम्हाला माहीत असेलच. जी-१० म्हणजे किलोला ४,३०० ते ४,६०० किलोकॅलरी, जी-१२ म्हणजे ३,७०० ते ४,०००. बिलावर जी-१० आणि ट्रकमध्ये जी-१२ हा अनुभव एकट्या माझा नसावा. लहान ग्राहकाने प्रत्येक गाडीचा नमुना लॅबला पाठवायचा तर लॅबचं बिल आणि भावातला फरक सारखाच पडतो, म्हणून आपण डोळ्यांनी रंग बघून आणि ढेकूळ हातात घेऊन समाधान मानतो.

करांचा भाग थोडा नीट बघावा, कारण त्यात बरेच जण फसतात. २०१० मध्ये टनामागे ५० रुपयांनी सुरू झालेला कोळशावरचा उपकर २०१६ पर्यंत ४०० वर गेला होता, आणि त्याची वजावट आपल्याला मिळत नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकायला वाढ वाटते, पण १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे नोंदणीकृत युनिटला कोळसा कागदावर उलट स्वस्तच पडायला हवा. आमची अडचण अशी की त्याच दिवसापासून सॉसवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. विक्रीवर ५ घेतो, कोळशावर १८ भरतो, आणि मधली रक्कम परताव्याची वाट बघत पडून राहते. ज्याच्या मालावर १८ टक्के आहे त्याला हे दुखणं नाही.

भावाची बेभरवशाची चाल म्हणाल तर २०२२ आठवा. जानेवारीत इंडोनेशियाने महिन्यासाठी निर्यात बंद केली, फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि ज्याने आयुष्यात समुद्रही पार केला नाही अशा अंबडच्या कारखानदाराचा इंधनखर्च तिकडच्या घडामोडींवर हलू लागला. गॅसनेही तेव्हा तेच केलं.

तरीही कोळशाला नावं ठेवताना जपून ठेवावीत. त्याची आग ठाम असते. रात्री शेगडी दाबून ठेवली की सकाळी लवकर वाफ धरते. थोडा भिजला तरी कुरकुरत का होईना, जळतो. आणि टोमॅटोचा हंगाम म्हणजे ऑगस्टपासून पुढे, गिरणारे आणि पिंपळगावचा बाजार भरात असतो तेव्हा पाऊसही असतोच, हे विसरून चालत नाही.

माझं कोळशाशी बिनसलं ते राखेपायी. देशी कोळशात ३५ ते ४० टक्के राख असते हे सगळ्यांना पाठ असतं. पण दहा टनांची गाडी आली म्हणजे त्यातली साडेतीन टन राख आपण विदर्भापासून भाडं भरून आणली, हे ती उचलायची वेळ येते तेव्हा कळतं. पाळी बदलताना राखेचं दार उघडायचं, पाणी मारायचं, मग गंधकाचा वास सोडत वाफ उठते. त्यानंतर पहारीने क्लिंकर, म्हणजे वितळून गोळा झालेली राख, फोडायचा. जाळीवर तो असा चिकटतो की फायरमनचा, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणाऱ्याचा, अर्धा जोर आग लावण्यात जायच्या ऐवजी आग उकरण्यात जातो. गोण्या भरून मागच्या भिंतीला लावायच्या. पुढे त्या न्यायच्या कुणी? पूर्वी वीटभट्टीवाले न्यायचे. आता वीट करणाऱ्याला औष्णिक केंद्राची बारीक, एकसारखी फ्लाय अ‍ॅश मिळते. गोळे आणि अर्धवट जळलेले खडे असलेली आमची राख त्याने कशाला घ्यावी? खड्डा भरायला म्हणून कुणी नेलीच तर ट्रॅक्टरचं भाडं आमच्या माथी, आणि उद्या तो खड्डा कुणाच्या डोळ्यावर आला तर नाव आमचं.

बरं, ती गोणीत तरी गप्प राहते का? उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत जाण्याआधीच्या भागांवर राखाडी थर बसायचा. तो सभ्य माणूस, भांडला नाही, फक्त भाग उचलून आणून माझ्या टेबलावर ठेवायचा आणि निघून जायचा. मग एकदा आमच्या एका मोठ्या ग्राहकाचा ऑडिटर आला. फायली बघितल्या, पाण्याचे रिपोर्ट बघितले, सगळं ठीक. जाता जाता पॅकिंग रूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याने बोट फिरवलं, बोट उलटं करून मला दाखवलं आणि वहीत एक ओळ लिहिली. खाण्याचा माल करणाऱ्याला ती एक ओळ कोळशाच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा महाग पडते. धुरातली राख पकडणारा सायक्लोन लावा, शेड बंदिस्त करा, पाण्याचा फवारा ठेवा, हे सगळं करता येतं आणि मी केलंही. पण माल सॉसचा नसून लोखंडाचा असता तर कदाचित मी अजून कोळशावरच असतो, हेही मान्य.

ब्रिकेटची, म्हणजे आपल्याकडे पांढरा कोळसा म्हणतात त्याची, राख कच्च्या मालावर ठरते. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं असतील तर फारच कमी, सोयाबीनचं भुसकट किंवा पऱ्हाटी असेल तर थोडी जास्त. ६ टक्के धरली तर दहा टनांमागे सहाशे किलो. आमचे फायरमन मामा पहिल्या आठवड्यात म्हणाले, "भाऊ, पहारीला कामच नाय उरलं." त्या राखेला गिऱ्हाईकही आहे. गिरणाऱ्याहून टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारा टेम्पो परत जाताना राखेच्या गोण्या घेऊन जातो, पालाश असतं म्हणून शेतकरी शेतात टाकतात. चुनखडीच्या जमिनीत टाकू नये म्हणतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझी मागची भिंत मात्र मोकळी झाली.

आता ब्रिकेटचे नखरे. पहिला, पाणी. ब्रिकेट भिजली की फुगते आणि तिचा परत भुगा होतो, पापडासारखी जपावी लागते. ताडपत्रीवर भागत नाही, पक्की शेड हवी, खाली फळ्या हव्यात, आणि एकाच वजनाला कोळशापेक्षा जागा जास्त लागते. दुसरा, आगीचा स्वभाव. ज्वाला लांब आणि झटकन उठणारी, त्यामुळे वरून हवा पुरेशी मिळाली नाही तर चिमणीतून काळा धूर निघतो. फायरमनला एकदम भरपूर टाकायची सवय मोडून थोडं थोडं, वरचेवर टाकायला शिकवावं लागतं. आमच्या मामांना ते जमायला हंगामाचा पहिला भाग गेला. तिसरा, काही शेतमालाच्या राखेतले क्षार ट्यूबवर चिकट थर धरतात, म्हणून ट्यूब ब्रशने साफ करायची पाळी लवकर येते.

आणि भाव? समुद्रापार काय घडतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, पण पावसाशी आहे. जूनपासून कच्चा माल आटतो, कारखाने माल वाळवू शकत नाहीत, आणि सोयाबीन निघेपर्यंत दर चढे राहतात. म्हणजे आमचा हंगाम सुरू होतो नेमका तेव्हाच. यावर उपाय एकच, मे महिन्यात शेड भरून ठेवायची. तेवढं भांडवल अडकवायची तयारी नसेल तर ब्रिकेटचं कौतुक करू नका. शिवाय कोळशावरच्या वीजकेंद्रांना काही टक्के जैवइंधन मिसळायचं बंधन घातलेलं आहे. त्यांना पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या लहान गोळ्या, लागतात, पण पेलेट काय आणि ब्रिकेट काय, दोन्ही त्याच भुसकटाच्या, त्याच पऱ्हाटीच्या. मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला की लहानाचा भाव वाढतो, एवढी धास्ती मला आहे.

गॅसबद्दल थोडक्यात, कारण तो मला आवडूनही परवडला नाही. राख नाही, शेड नाही, धूर नाही, बटण दाबलं की आग. गेटपर्यंत पाइपलाइन आली असेल, वाफ कमी आणि वर्षभर सारखी लागत असेल, तर दुसरं काही बघूच नका. माझी अडचण हंगामाची. औद्योगिक जोडणीच्या करारात सहसा किमान वापराची अट असते. गॅस घेतला नाही तरी ठरलेल्या हिश्शाचे पैसे द्यायचे, आणि माझा बॉयलर फेब्रुवारीनंतर जवळजवळ झोपलेला असतो. नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे हेही लक्षात ठेवा. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला ही मोठीच सवलत, पण जो व्हॅट भराल त्याचं क्रेडिट नाही.

ब्रिकेट घेऊन बघायचं ठरवलंत तर पुरवठादाराला कॅलरीचा आकडा विचारत बसू नका, तो सगळ्यांचा सारखाच असतो. एक ब्रिकेट मोडून बघा, आत माती दिसते का ते बघा. जुन्या पातेल्यात दोन किलो पूर्ण जाळा आणि उरलेली राख वजन करा. शंभर ग्रॅमच्या आसपास असेल तर ठीक, दोनशेच्या पुढे असेल तर माती मिसळलेली आहे आणि क्लिंकरचा जुना त्रास नव्या नावाने परत येणार. सुरुवातीला शेगडी बदलू नका. कोळशाच्या जाळीवर पहिल्या दोन गाड्या जाळून बघा, फक्त वरची हवा वाढवा. जाळीच्या फटी बारीक करायच्या का, हे त्यानंतर तुमचा फायरमनच सांगेल.

आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्या चिमणीसमोर कुठलं इंधन लिहिलंय ते आधी बघा. तिथे कोळसा असेल आणि शेडमध्ये ब्रिकेट सापडली तर ती कितीही स्वच्छ जळो, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे, त्यामुळे चिमण्यांकडे लक्ष असतं. दुरुस्तीचा अर्ज मार्चमध्ये टाकलात तर मे महिन्यातली खरेदी निर्धास्तपणे करता येते.