शाम्पू, कंडिशनर की स्वयंपाकघरातली फळी: केसांसाठी काय बदलावे, काय ठेवावे

आधी खाण्याच्या सोड्याचा विषय संपवते. शाम्पू सोडायचा ठरवला की पहिला हात त्याच्याकडेच जातो. माझाही गेला होता. पहिले दोन-तीन आठवडे केस इतके हलके, सुटसुटीत वाटत होते की शाम्पूवर एवढा खर्च कशाला केला याची हळहळ वाटली. मग टोके राठ झाली आणि कंगव्यात केसांचे तुकडे दिसू लागले. ते मुळापासून गळलेले नव्हते, मध्येच तुटलेले होते.

याचे कारण पीएचमध्ये, म्हणजे पदार्थ किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या अंकात आहे; 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. टाळूचा पीएच साधारण 5.5 असतो, केसाच्या दांड्याचा त्याहूनही आम्लधर्मी, 3.67 च्या आसपास. सोड्याचे पाणी 8.3 च्या घरात जाते. या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे टाळू आणि सोडा यांच्यातली दरी सहाशेपटीहून मोठी होते. अल्कधर्मी पाण्यात केसावरचा ऋण विद्युतभार वाढतो, पृष्ठभागावरचे खवले उचलले जातात आणि केसाला केस घासू लागतो. पुढचे नुकसान कंगवा करतो.

शाम्पूतल्या रेणूंचे एक टोक तेल धरते आणि दुसरे पाणी, म्हणून अल्कधर्मी न होताही मळ निघतो. अर्थात, बाटलीतला म्हणजे सौम्यच, असेही समजू नका. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 123 शाम्पू तपासले, तेव्हा जेमतेम 38 टक्क्यांचा पीएच 5.5 किंवा त्याहून कमी निघाला. तरीही सोडा आणि साधा शाम्पू यांतून एक निवडायचा झाला, तर मी डोळे मिटून शाम्पू घेईन. शाम्पू नकोच असेल तर रिठा किंवा शिकेकाईकडे वळा. त्यांतली सॅपोनिन द्रव्ये खरोखर तेल आणि मळ सोडवतात. मात्र काढा नीट गाळून घ्या, नाहीतर पुडीचे कण केसांत अडकून बसतात, आणि रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबते. अंगाचा साबण केसांना लावण्याचा विचार असेल आणि पाणी जड असेल, तर तो सोडून द्या. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची चिकट साय बनते आणि ती केसांवरच राहते.

कंडिशनर विरुद्ध व्हिनेगर हा सामना मात्र बरोबरीच्या जवळ जातो. व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते. पेलाभर पाण्यात एक मोठा चमचा मिसळला की ते 0.3 टक्क्यांवर येते आणि केसांना तेवढे पुरते. खवले बसतात, साबणाची साय सुटते, चमक येते. शेवटी साध्या पाण्याने धुऊन टाकायचे. पण व्हिनेगर केसावर मागे काहीच ठेवत नाही. कंडिशनरमधले धनभारित रेणू ऋणभारित केसाला चिकटतात आणि जिथे केस जास्त खराब झालेला असतो तिथे जास्त चिकटतात. हे काम घरातली कोणतीच वस्तू करत नाही. म्हणून केस आखूड, सरळ आणि न रंगवलेले असतील तर व्हिनेगरवर भागेल. लांब, कुरळे, रंगवलेले किंवा ब्लीच केलेले असतील तर कंडिशनर सोडू नका. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरण्याच्या मी विरोधात आहे. लिंबाच्या रसाने उन्हात केसांचा रंग उतरतो आणि त्वचेवर रस राहिला तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

तेलात मात्र घर जिंकते, आणि चांगले जिंकते. खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल छोट्या, सरळ साखळीचे असते, म्हणून ते केसाच्या आत शिरते. 2003 च्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलने ठळकपणे कमी केली. तो अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा होता, हे सांगायलाच हवे, पण आत शिरण्याचे कारण रसायनशास्त्राला धरून आहे. धुण्याआधी चमचाभर तेल टोकांना लावले तरी फरक कळतो. इथे एक अडचण येते: तेल साध्या पाण्याने निघत नाही. तेल हवे असेल तर ते काढायला शाम्पू किंवा रिठाही हवा. तेल भरपूर आणि शाम्पू बंद, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

रोज ड्रायर किंवा इस्त्री वापरत असाल तर सिलिकॉनचे सीरम ठेवा. खोबरेल तेल त्याची जागा घेत नाही.

ड्राय शाम्पूऐवजी कॉर्नफ्लॉवर बेलाशक वापरा. चिमूटभर मुळांशी चोळा, पाच मिनिटांनी झटकून विंचरा. काळ्या केसांत पांढरट दिसते, एवढाच त्रास. अंड्याचा लेप मात्र मला पटत नाही. त्यातली प्रथिने इतकी मोठी असतात की केसात शिरत नाहीत, वर कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची भीती.

कोंड्याच्या बाबतीत कृपा करून घरगुती प्रयोगांत महिने घालवू नका. कोंड्यामागे बहुधा मॅलेसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलांतल्या मेदाम्लांवरच जगते, म्हणजे तेल चोपडून आपण तिलाच खाऊ घालतो. किटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून धुणे हा सरळ उपाय आहे. कांद्याच्या रसाचे नाव केसगळतीसाठी घेतले जाते, पण 2002 चा तो छोटा अभ्यास चट्टे पडून केस जाण्याच्या आजारावर होता, सर्वसाधारण गळतीवर नव्हे. असे चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

कोरफडीचा गर किंवा जवसाची जेल करणार असाल तर लागेल तेवढीच करा. बाटलीत टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये घरच्या जेलमध्ये नसतात. ती फ्रीजमध्ये ठेवूनही फार दिवस टिकत नाही. वास बदलला की टाकून द्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. महिनाभर कंगव्यातले केस उजेडात धरून बघा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळातून गळलेला आहे, आणि असे दिवसाला 50 ते 100 जाणे स्वाभाविक आहे. दोन्ही टोकांना ठिपका नसेल तर तो तुटलेला. तसे तुकडे वाढू लागले तर शेवटी जी वस्तू बदलली होती ती त्याच दिवशी बंद करा.