नवं हॉटेल सापडलं की सांगायचं कुठे: स्टार, फोटो, ग्रुप की वही?

मागच्या आठवड्यात सहा टेबलांच्या एका छोट्या हॉटेलात माशांचं सूप प्यायले. पोचायला साडेनऊ वाजले होते. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, “आता तळाचंच उरलंय, दाट आहे. चालेल?” चाललं. मासा शिजून शिजून सुपातच विरला होता, टोमॅटोचा आंबटपणा मुरला होता. सोबतचा कडक भाजलेला पाव बुडवला की मधला भाग मऊ पडायचा आणि कड मात्र कुरकुरीतच राहायची. आठ वाजता आलेल्यांना हेच सूप पातळ मिळालं असणार, म्हणजे उशीर झाला हेच नशीब. परतताना हे कधी एकदा कुणाला सांगते असं झालं होतं.

सांगायचे चार रस्ते आहेत: ॲपवर स्टार आणि रिव्ह्यू, फोटो किंवा रील, ओळखीच्या खवय्यांचा ग्रुप आणि स्वतःची वही. मी चारही बरीच वर्षं वापरते. तुम्ही नेमकं काय करावं या विचारात असाल, तर हेच सूप चारही ठिकाणी ठेवून बघू.

स्टारच्या भाषेत माझं जेवण असं दिसलं: “चार स्टार. जेवण उत्तम, जागा लहान.” यात खोटं काही नाही, पण सूपही नाही, साडेनऊही नाहीत आणि तो पाव तर नाहीच. हे वाचून कुणी आठला जाईल, दुसरंच काही मागवेल आणि “ठीक आहे” म्हणून परतेल. आकड्याचा मोठा तोटा हाच की तो सगळं एकत्र कालवतो. झगाट दांपत्याने १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिथल्या हॉटेलांबद्दल जेवणाऱ्यांची मतं विचारणारी आपली पाहणी सुरू केली, तेव्हा त्यांनी जेवण, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे गुण दिले, प्रत्येकाला तीसपैकी. जेवणाला सव्वीस आणि सजावटीला नऊ असं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, खुर्ची डगमगेल पण ताट चुकवायचं नाही. आजच्या एका आकड्यात हे कळायला मार्ग नाही.

त्यातही आधीचा आकडा पुढच्याला ओढतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर काही प्रतिक्रियांना संशोधकांनी मुद्दाम एकेक अनुकूल मत देऊन ठेवलं, आणि पुढे त्या प्रतिक्रियांचे एकूण गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. तिथला विषय जेवणाचा नव्हता, पण ४.६ बघून जेवायला बसलेल्याची जीभसुद्धा थोडी त्या आकड्याकडे कलते, हे मी स्वतःवर अनुभवलं आहे. आणि आकडा मुळातच बनावट असू शकतो. २०१७ मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने लंडनमधल्या आपल्या बागेतली शेड ‘हॉटेल’ म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर चढवली. तिथे कुणी जेवलेलं नव्हतं, पदार्थांचे फोटोही दाढीचा फेस वगैरे वापरून काढलेले होते. तरी ती शेड लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली.

इतकं असूनही मी स्टार देणं सोडलेलं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिॲटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या रिव्ह्यूच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांमध्ये होता, मोठ्या साखळ्यांमध्ये नव्हता. म्हणजे सहा टेबलांच्या जागेला तुमचा रिव्ह्यू खरोखर लागतो. साखळीतल्या शाखेला तुम्ही पाच दिलेत काय आणि तीन दिलेत काय, लोक नाव बघूनच जाणार. म्हणून नवी, लहान आणि मोजकेच रिव्ह्यू असलेली जागा आवडली तर स्टार जरूर द्या, पण त्याखाली पदार्थाचं नाव आणि तुम्ही गेलात ती वेळ लिहा. तक्रार असेल तर आधी गल्ल्यावर सांगा. एका ठिकाणी मला शिळा भात आला होता. तिथेच सांगितलं तेव्हा आचारी स्वतः बाहेर आला, ताट बदललं आणि पुढच्या खेपेला भात वाफाळता होता. रागाच्या भरात घरी जाऊन एक स्टार दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

स्टारबद्दल सांगताना मिशलिनचा उल्लेख करायलाच हवा, कारण त्यांच्या मोजमापातली एक गोष्ट मला फार पटते. टायर बनवणाऱ्या या कंपनीने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, १९२६ पासून चांगल्या हॉटेलांना स्टार दिला आणि १९३१ मध्ये दुसरा व तिसरा स्टार आणला. त्यांचा अर्थ प्रवासाच्या भाषेत आहे: वाटेत असेल तर थांबा, वाट वाकडी करून जा, मुद्दाम प्रवास करून जा. कुणालाही जागा सुचवताना मी आता हेच सांगते. “मस्त आहे” ऐकून माणूस काय ठरवणार? “वाट वाकडी करण्यासारखं आहे, पण तेवढ्यासाठी रजा काढू नकोस” म्हटलं की त्याला लगेच ठरवता येतं.

फोटोचं म्हणाल तर माझं सूप तिथे पार हरलं. तपकिरी, गढूळ, वर काही सजावट नाही, पिवळ्या दिव्याखाली तर आणखीच उदास. त्याच जेवणात शेवटी आलेली गोड वाटी मात्र फोटोत देखणी आली, म्हणून मी ती टाकली. दोन दिवसांनी एक मैत्रीण तिथे जाऊन ती वाटीच खाऊन आली आणि म्हणाली, “एवढं काय आहे त्यात?” खरंच काही नव्हतं. चूक माझीच होती. कॅमेऱ्याला रंग आणि उंची आवडते, आणि तासन्‌तास शिजून एकजीव झालेल्या पदार्थाकडे यातलं काहीच नसतं.

फोटो काढल्याने जेवणाची मजा जाते का, हा वाद मी अनेक टेबलांवर ऐकला आहे. २०१६ मध्ये क्रिस्टिन डील या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की फोटो काढणारे उलट अनुभवात जास्त रमतात. पण त्याच गटातल्या अलिक्झांड्रा बराश यांनी २०१८ मध्ये दाखवलं की फोटो सोशल मीडियावर टाकायच्या हेतूने काढला तर आनंद कमी होतो, कारण आपण कसे दिसू याची चिंता मध्ये येते. म्हणून एक फोटो स्वतःसाठी काढावा आणि फोन उलटा ठेवावा. इतरांच्या उपयोगाचा म्हणाल, तर फळ्यावर लिहिलेल्या आजच्या पदार्थांचा फोटो ताटाच्या फोटोपेक्षा कितीतरी कामाचा असतो.

ग्रुपवर मी जे लिहिलं ते इथे जसंच्या तसं देते: “माशांचं सूप. नऊनंतर जा, तळाचं दाट मिळतं. पाव जास्तीचा मागवा. बाकी यादी साधारण. सहाच टेबलं, पण आवाज नाही, बोलता येतं. वाट वाकडी करण्यासारखं.” यातलं आवाजाचं वाक्य एका माणसासाठी होतं. आमच्या ग्रुपमधले एक काका कानाचं यंत्र लावतात. गोंगाटाच्या हॉटेलात त्यांना नुसता कल्लोळ ऐकू येतो, चवीकडे लक्षच राहत नाही. त्यांनी ते वाचलं आणि त्याच शनिवारी गेले. हजारो अनोळखी लोकांसाठी लिहिताना हे वाक्य मला सुचलंच नसतं. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला गुडघ्यांमुळे जिना नको, कुणाला लहान मूल सांभाळत जेवायचं आहे, हे माहीत असलं की शिफारस नेमकी होते. उलट बाजूनेही तसंच. आमच्यातली एक जण प्रत्येक पदार्थाला “अप्रतिम” म्हणते, दुसरा “बरं होतं” यापुढे जात नाही. त्याचं “बरं होतं” आलं की मी त्या दिवसाचा स्वयंपाक रद्द करते. कोण बोलतंय हे कळलं की शब्दाचं वजनही कळतं.

झगाटची सुरुवातही अशीच झाली होती. मित्रमंडळींची मतं गोळा करायची, कागदावर टंकायची आणि प्रती काढून वाटायच्या, असं ते होतं.

ग्रुपला खोटही आहे. चांगली माहिती दोन दिवसांत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते आणि सहा महिन्यांनी “ते सुपाचं हॉटेल कुठलं ग?” असं कुणीतरी विचारतंच. शिवाय ग्रुपमध्ये एकमेकांची री ओढायची सवय लागते. पहिल्या तिघांनी वाहवा केली की चौथ्याला तिथलं जेवण खारट लागलं तरी तो गप्प बसतो. आम्ही यावर उपाय म्हणून ठरवलं आहे की न आवडलेली एक गोष्ट लिहायचीच. माझ्या सुपाच्या नोंदीतलं “बाकी यादी साधारण” हे त्यामुळेच आलं.

वही कुणाला दाखवायची नसते, पण बाकी तिन्हींचा कच्चा माल तिथून येतो. फोनमधली यादी किंवा नकाशावर जपलेली खूण चालेल, फक्त ती तारखेने शोधता यायला हवी. एक सवय मात्र लावून घ्या: आधी “पुन्हा जाईन की नाही” एवढंच लिहा, कारणं नंतर. १९९१ मध्ये विल्सन आणि स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरीचे जॅम चाखायला दिले होते. ज्यांना आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, त्यांची मतं जाणकारांच्या मतांपासून जास्त दूर गेली. सांगायला सोपं कारण हाताशी आलं की आपण मतच त्याच्याकडे वळवतो. जिभेचा कौल आधी टिपलेला बरा.

तर निवडायचं कसं? वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर जेवत असाल तर वही आणि क्वचित एखादा रिव्ह्यू पुरे. आठवड्याला नवी जागा धुंडाळत असाल आणि चार तरी माणसांची चव ओळखत असाल, तर ग्रुप. माझा कौल निःसंशय तिकडे आहे. नुकत्याच दुसऱ्या शहरात राहायला गेला असाल, तुमचं मत जाणणारं कुणीच तिथे नसेल, तर सार्वजनिक रिव्ह्यू लिहायला लागा. तुमच्यासारखंच खाणारे त्यातूनच सापडतात, मग ग्रुप आपोआप होतो. फोटो एकटा कुठेच पाठवू नका. अगदी सहा टेबलांची, एकच माणूस ओट्यापाशी असलेली जागा असेल तर गाजावाजा करण्याआधी मालकांना विचारा. मी या सुपाबद्दल विचारलं, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “लिहा, पण शनिवारचं लिहू नका. शनिवारी आम्ही आधीच भरलेले असतो.” माझ्या रिव्ह्यूत आता “मंगळवार ते गुरुवार, नऊनंतर” असं लिहिलं आहे, आणि काकांना फोन करून पुढच्या वेळी बुधवारी जायला सांगितलं आहे.